तीन नंबरचा पंखा

॥ श्री ॥

चौक,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. संजना हिस,
अ. आ. वि. वि.

काल दुपारी माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तू फोन बंद केलास. ठीक आहे. आता मीही उचलणार नाही. फोनवरचं बोललेलं दुसऱ्या दिवशी कोणीही नाकारतं, कागदावरचं नाकारता येत नाही. धाकलूचा दुधाचा टेंपो रोज सकाळी कडाववरून निघून आमच्या चौक गावच्या ढाब्यांना दूध घालतो आणि अकराला परततो. येताना तुझं पत्र आणील, जाताना माझं नेईल. त्याला तसं सांगून ठेवलंय. हसला. हसू दे.

तू सांगितलंस त्यातलं मला कळलं ते एवढं. शनिवारी सकाळी तुमच्या बचतगटाचा फवारणीचा ड्रोन समीक्षा उडवत असताना भातात पडला. मशीनचा पंखा धरणारा पुढचा डावा हात मोडला. कोणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. काल कंपनीचा माणूस आला, पंखे उलटेसुलटे करून पाहिले, ते माझ्याकडे येऊन गेल्याचं बायांकडून ऐकलं, आणि गटातल्या अकरा बायांसमोर सांगून गेला की पंख्यांचा तोल कोणीतरी घरच्या घरी जुगाड करून काढलाय म्हणून मशीन पडलं, आता वॉरंटी विसरा. माझी सख्खी धाकटी बहीण तिथे उभी असून गप्प राहिली. आणि वर मलाच विचारते की हा नसता शहाणपणा करायला सांगितला होता कोणी.

सांगितला तुझ्या लेकीने. २४ सप्टेंबरला, बुधवारी, चार पंखे कापडी पिशवीत घालून समीक्षा माझ्या दुकानात आली. मामा, मशीन थरथरतं, फवारा एका अंगाला जास्त पडतो, असं तिचं म्हणणं. मी काही कडावला दवंडी पिटत आलो नव्हतो. चार पंख्यांवर मी खडूने नंबर टाकले. एक, दोन आणि चार नंबर ठीक निघाले. तीन नंबरात खोट होती, ती मी काढली. दुसऱ्या दिवशी मशीन उडवून तिचाच मला निरोप आला की मामा, आता वर पाण्याचं ताट ठेवलं तरी सांडणार नाही. तेव्हा गटातल्या एकीलाही माझं नाव आठवलं नाही. पडल्यावर बरोबर आठवलं.

तीस वर्षं मी मोटारींचं वाइंडिंग करतोय. कुंभिवलीच्या कारखान्यांतले ब्लोअर इंजिनिअर लोकांनी हात टेकले की माझ्या पायरीवर येतात. त्या कंपनीच्या पोराने म्हणे विचारलं की हे काम करणारे कोणत्या कॉलेजचे. तू काय उत्तर दिलंस तेवढं कळव.

रागावलोय, पण आशीर्वाद अडवून धरलेला नाही. दाजींना नमस्कार.

तुझा,
पदूदादा


कडाव,
मंगळवार, ७ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. धाकलूने ते दुकानासमोर चार माणसांत माझ्या हातात दिलं आणि विचारलं की बहीणभावांनी एकमेकांना लग्नपत्रिका धाडायला कधीपास्नं सुरुवात केली गं ताई. तुझ्या हट्टापायी हेही ऐकलं.

कॉलेजचं उत्तर मी दिलं नाही. काहीच बोलले नाही. तू तिथे असतास तर तूही बोलला नसतास. (नाही, तू बोलला असतास. म्हणूनच तू नव्हतास ते बरं.)

आता नीट वाच. रविवारी, १२ तारखेला, गटाची बैठक आहे. मशीन समीक्षाकडे ठेवायचं की नाही ते तेव्हा ठरणार. गटाचा नियम लिहिलेला आहे की जिने उडवायचं प्रशिक्षण घेतलंय तिच्याशिवाय मशीनला कोणी हात लावायचा नाही. समीक्षाने पंखे बाहेर नेले, म्हणजे नियम मोडला. अध्यक्ष धोंडूबाईंच्या सुनेने, सुरभीनेही प्रशिक्षण घेतलंय, ती वाटच पाहत्येय असं मी म्हणणार नाही, पोरगी चांगली आहे. पण मशीन तिच्याकडे गेलं की परत येणार नाही. समीक्षाने त्यासाठी नवी मुंबईची नोकरी सोडली, हे तुला ठाऊक आहे. पहाटेची गाडी धरणं सुटलं तेव्हापासून तिच्या अंगावर जरा मांस दिसायला लागलं होतं. शनिवारपासून ताट पुढे घेते आणि सरकवते.

धोंडूबाई मनाने वाईट नाहीत. काल घरी आल्या, चहा घेतला, आणि म्हणाल्या की संजना, पोरीचा काय दोष हाय गं त्यात, मामाने केलं ते तिने लावलं. तुझ्या भावाला दोन ओळी लिहून दे म्हणावं, की तोल मी चुकीचा काढला, पोरीला त्यातलं काय ठाव नाय. मग मी बायांना सांभाळते.

दोनच ओळी दादा. तुझं दुकान चौकला, आमचा गट कडावला. तुला इथे कोण विचारायला येणार आहे? तुझं काय जातं?

वहिनीला विचारल्याचं सांग. तुझी माया आटणार नाही या भरवशावरच हे लिहिण्याचं धाडस करतेय.

तुझी,
संजना


॥ श्री ॥

चौक,
बुधवार, ८ ऑक्टोबर

चि. सौ. संजना हिस,
अ. आ. वि. वि.

माझं काय जातं!

हे वाक्य मी तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. तिने मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. संजना, माझ्याकडे जमीन तेवढी एक गुंठा, तीही दुकानाखाली. डिग्री नाही. भिंतीला सर्टिफिकेट नाही. माझ्याकडे एकच गोष्ट आहे की पदूने तोल काढला म्हणजे तो निघाला. तेवढीच मी लिहून देऊ की नव्हती?

जुगाड म्हणतात ना, मग ते जुगाड काय आहे ते एकदा समजून घे आणि तुझ्या धोंडूबाईंनाही समजाव. सागाची एक पाटी, तिच्यावर दोन उभे खांब. प्रत्येक खांबात एक लोहचुंबक, भंगारातल्या कॉम्प्युटरमधून काढलेला, तो इतका कडवा असतो की दोन बोटं मध्ये सापडली तर रक्त काढतो. दोन चुंबकांच्या मध्ये पोलादी सळई, दोन्ही टोकांना सुईसारखी अणी, ती अणी मी स्वतः लेथवर काढली, तीनदा बिघडली, चौथ्यांदा जमली. सळईचं एक टोक चुंबकाला टेकतं. दुसरं टेकत नाही. तिथे पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहते आणि चुंबकाच्या ओढीवर ते टोक हवेत तरंगतं. म्हणजे घासायला जागा उरली किती? सुईच्या टोकाएवढी. बेअरिंगवर पंखा ठेवला तर बेअरिंगच त्याला धरून ठेवते आणि खोटं सांगते. चुंबक खोटं सांगत नाही. पंख्याच्या एका पात्यावर तांदळाचा दाणा ठेवलास तर ते पातं खाली जातं. मी दारं-खिडक्या लावून, डोक्यावरचा पंखा बंद करून, श्वास दुसरीकडे सोडून काम करतो. एकदा तोल आला की पंखा सळईवर उलटा फिरवून पुन्हा बघतो, कारण खोट सळईचीही असू शकते. तुमच्या कंपनीचा माणूस हे करतो का ते विचार.

तीन नंबरचं एक पातं अर्ध्या ग्रॅमने हलकं होतं. अर्धा ग्रॅम म्हणजे काय, असं तू म्हणशील. पंखा पूर्ण वेगात फिरला की टोकाजवळचा तो अर्धा ग्रॅम पावणेदोन किलोच्या वजनासारखा ओढतो, आणि सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलून ओढतो. त्याने नट सैल होतात. तो हात नट सैल होऊनच मोडला असणार, हे मी न बघता सांगतो. लाकडी पंखा असता तर मी जड बाजू पॉलिशपेपरने घासली असती. पण या काळ्या पात्याचा वरचा थर गेला की आतले धागे मोकळे होतात, म्हणून हलक्या पात्याच्या पाठीला वजन दिलं. एसीच्या नळीला लावतात ती चंदेरी पट्टी, तीन थर, अडतीस मिलिमीटर लांब, टोकापासून चार बोटं आत. वहीत लिहिलेलं आहे.

म्हणून आता माझं एकच मागणं. तीन नंबरचा पंखा मला पाठव. मोडला असेल तरी पाठव. चूक माझी निघाली तर दोन ओळी काय, मी पानभर लिहून देईन आणि खाली अंगठाही उठवीन. न बघता एक अक्षर लिहिणार नाही.

समीक्षाला सांग, जेवायचं. उपाशी पोटी कुठलाच तोल राहत नाही.

माया आटलेली नाही, उकळतेय एवढंच.

तुझा,
पदूदादा


कडाव,
गुरुवार, ९ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पंखा मागितलास. मी पाठवणार नव्हते. बघून काय करायचंय, झालेलं परत येतंय का, शिवाय तो गटाच्या मालकीचा, असं मी लिहायला बसले होते. तेवढ्यात समीक्षाने माझ्यादेखत तो गोधडीच्या फडक्यात गुंडाळून धाकलूच्या टेंपोत, दुधाच्या कॅनच्या मागे ठेवला. म्हणाली, मामा बघेल ते खरं असेल. मशीन जमिनीवर पडलं तेव्हा तो पंखा मोडला नाही, फक्त चिखलाने भरला होता, तो तिने पाण्याने धुतला. तेवढंच केलं.

दादा, तुला एक विनवते. बघायचं ते बघ, पण राग राग करून कोणावर आळ घेऊ नकोस. दोन ओळी लिहून मोकळा हो. तू मोठा आहेस. लहानपणी माझ्या हातून आईची कपबशी फुटली तेव्हा तू पुढे होऊन मार खाल्लास आणि नंतर मला महिनाभर हिणवलंस. आताही हवं तर जन्मभर हिणव.

ह्यांना यातलं फारसं सांगितलेलं नाही. कापणी तोंडावर आली आहे.

रागातही पत्राला उत्तर देतोस, तेवढं असंच चालू ठेव.

तुझी,
संजना


॥ श्री ॥

चौक,
शुक्रवार, १० ऑक्टोबर

चि. सौ. संजना हिस,
अ. आ. वि. वि.

पंखा मिळाला. काल दुकान बंद करून बसलो आणि बघितला. आता मी काय लिहितो ते बसून वाच.

पट्टी नाही.

पडताना उडून गेली असेल, असं प्रथम वाटलं. पण उडून गेलेल्या पट्टीचा डिंक मागे राहतो, त्यावर चिखल धरतो, काळा चौकोन दिसतो. इथे डिंकाचा कणही नाही. भिंग लावून पाहिलं. त्या चार बोटांच्या जागेत पातं बाकीच्यापेक्षा जास्त चकचकीत आहे. नाक लावलं. खोबरेल तेल! समीक्षाने धुतल्यावरही कडेला वास राहिलाय. म्हणजे कोणीतरी पट्टी नखाने उचलून, सोलून काढली आणि मागचा डिंक खोबरेल तेल लावून, बोटाने चोळून चोळून साफ केला. ही पडझड नाही. हे हाताचं काम आहे.

सळईवर चढवला. सोडल्याबरोबर पंखा गर्रकन फिरला आणि जड पातं खाली जाऊन थांबलं. माझ्या वहीतल्यासारखंच. त्याच जागी अडतीस मिलिमीटरची, तीन थरांची नवी पट्टी लावली. पंखा आडवा ठेवला, आडवा राहिला. उभा ठेवला, उभा राहिला. तुझी वहिनी साक्षीला होती.

तेव्हा माझं काम बरोबर होतं. आणि कोणीतरी ते मुद्दाम पुसलं. कोणाला त्यात फायदा? कंपनीच्या माणसाला असेल, पण तो मशीन पडल्यावर आला. मग मशीन कोणाला हवंय? तूच लिहिलंस की सुरभीने प्रशिक्षण घेतलंय. सासू अध्यक्ष. येणं-जाणं तुझ्या घरी. मी नाव घेत नाही, पण रविवारी मी स्वतः कडावला येतोय. पाटी, खांब, सळई, सगळं घेऊन. अकरा बायांसमोर हा पंखा दोनदा फिरवून दाखवीन, एकदा पट्टीसकट, एकदा बिनपट्टीचा. आणि मग विचारीन की तुमच्यापैकी खोबरेल तेल कोणी लावलं. तोंडं बघितली की मला कळेल. मोटार जळली की कुठला वेढा जळला ते मी वासाने सांगतो, माणसाचं काय घेऊन बसलीस.

पंखा माझ्याकडेच ठेवतोय. पुरावा आहे.

आशीर्वाद नेहमीचाच, आज जरा कडक भाजलेला.

तुझा,
पदूदादा


कडाव,
शुक्रवार, १० ऑक्टोबर, दुपार

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

येऊ नकोस. सुरभीचं नाव कुठे काढू नकोस. तेल मी लावलं.

आता ओरडून घे, मग पुढचं वाच.

खंडेनवमीला, एक तारखेला, मी मशीन पाटावर मांडलं. आपल्याकडे नांगर मांडतात, कोयता मांडतात, ह्यांची मोटारसायकल मांडतात, मग गटाच्या चार गावांत फिरणाऱ्या मशीनची पूजा नको? समीक्षा अंघोळीला गेली होती. मी पुसायला घेतलं तर एका पंख्याला खालून चंदेरी पट्टी. वाटलं, पोरीच्या हातून पंखा चिरला आणि तिने पट्टी मारून लपवलं. दादा, जोडलेली, ठिगळ लावलेली वस्तू पूजेला मांडत नाहीत. चिरलेला कलश आपण विहिरीवरही नेत नाही. आणि तासाभरात धोंडूबाई आणि बाकीच्या बाया कुंकू लावायला येणार होत्या. त्यांनी ठिगळ बघितलं असतं तर?

म्हणून सोलली. खाली चीर आहे का बघितलं. नव्हती. दादा, मला इतका आनंद झाला! मग नव्या ताटाचा स्टिकर काढतो तसा तेलाने डिंक काढला, कोरड्या फडक्याने पुसलं, वर हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. समीक्षा बाहेर आली तर म्हणाली, आई, किती छान चमकवलंस. तीन दिवस मशीन उडालं. तिसऱ्या दिवशी पडलं.

कंपनीच्या माणसाने तोल हा शब्द काढला तेव्हा मला उभ्या उभ्या कळलं की ती पट्टी काय होती. म्हणून मी गप्प होते. तुझ्या कॉलेजसाठी नव्हे.

आणि आता माझं ऐक. हे बाहेर आलं तर समीक्षाचं जास्त बिघडतं. मशीन तिच्या ताब्यात, घर तिचं, आणि हात लावला तिच्या आईने. पंखे मामाकडे नेले एवढाच दोष आता तिच्यावर आहे. मग म्हणतील की हिच्या घरात मशीन भांड्यांसारखं घासतात. म्हणून मी तुझ्या नावावर ढकलत होते. माझ्या लेकीसाठी तुझं नाव विकायला निघाले होते. तू म्हणतोस ना की कागदावरचं नाकारता येत नाही, तर हे घे कागदावर.

तुला करायचं ते कर. सुरभीला तेवढं मध्ये आणू नकोस.

यापुढे तू मला काय समजशील ते समज. मी तुझी बहीणच राहीन.

संजना


॥ श्री ॥

चौक,
शनिवार, ११ ऑक्टोबर

सौ. संजना हिस,

चिरंजीव लिहिलेलं नाही ते मुद्दाम.

चार दिवस! चार दिवस तू मला पत्रं लिहीत होतीस, वहिनीची विचारपूस करत होतीस, कपबशीची आठवण काढत होतीस, आणि तुला सगळं माहीत होतं. तुझं काय जातं, असं मला विचारलंस तेव्हाही माहीत होतं. पट्टी सोललीस ते मी एका मिनिटात विसरेन. तुला कळलं नाही, विषय संपला. पण कळल्यावर तू माझ्याच हाताने माझ्या तोंडाला काळं फासायला सांगत होतीस, ते कुठल्या तेलाने निघणार आहे?

आणि सुरभीचं. मी तिच्यावर आळ घ्यायला निघालो होतो. पत्र तुझ्यापाशीच थांबलं म्हणून बरं. धोंडूबाईंच्या अंगणात जाऊन मी परक्याच्या सुनेला चोर ठरवलं असतं तर मी तुला आणि मला, दोघांनाही माफ केलं नसतं.

मी रविवारी येत नाही. आलो तर तोंडावरून सगळं कळेल. सोबत दुसरा कागद आहे, तो गटासाठी. बंद केलेला नाही, तू वाच. त्यात माझी चूक जेवढी होती तेवढीच लिहिली आहे, एक गुंजही वाढवून नाही. ती होती, हे मला आज तुझं पत्र वाचताना कळलं, म्हणून रागाचा अर्धा भाग माझ्यावरच आहे. तो तुला दाखवायची गरज नाही.

आज आशीर्वाद समीक्षाला. तुझा नंतर बघू.

पदूदादा


(सोबतचा कागद)

कडाव येथील महिला बचतगटाच्या अध्यक्ष श्रीमती धोंडूबाई व सर्व सभासद भगिनी यांस,
स. न. वि. वि.

आपल्या ड्रोनच्या तीन नंबरच्या पंख्याचा तोल दि. २४ सप्टेंबर रोजी मी माझ्या दुकानात काढला. काढलेला तोल बरोबर होता. तो चुकीचा होता असे मी लिहून देणार नाही, कारण ते खरे नाही. कोणालाही बघायचा असल्यास चौकला यावे, मी दाखवीन.

मात्र तो तोल एका पट्टीवर अवलंबून होता. पंखे घेऊन जाताना समीक्षाने मला विचारले होते की मामा, ही पट्टी कशाला. मी तिला म्हणालो की ते तुला काय करायचंय, दिलंय तसं लाव. तीस वर्षांत मला कोणी काही शिकवले नाही, म्हणून मीही कोणाला सांगत नाही, अशी माझी खोड आहे. मी तिला सांगितले असते तर रोज उडवण्याआधी पट्टी जागेवर आहे की नाही हे तिने पाहिले असते, आणि पट्टी नसताना मशीन उडवले नसते. पट्टी निघाली, तोल गेला, नट सैल झाला, हात मोडला. न सांगण्याची चूक माझी. विचारणाऱ्या मुलीची नाही.

पट्टी कशी निघाली हे मला ठाऊक नाही.

कळावे. राग माझ्यावर धरावा, मुलीवर धरू नये.

आपला,
पदू
मोटार वाइंडिंग, चौक
दि. ११ ऑक्टोबर


कडाव,
सोमवार, १३ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

बैठक झाली. सगळं क्रमाने लिहिते, तुला मधलं गाळलेलं आवडत नाही.

शाळेच्या व्हरांड्यात बसलो. अकराच्या अकरा. तुझा कागद वाचायला धोंडूबाईंनी सुरभीला दिला, कारण तिचं वाचन स्पष्ट. ती वाचत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तुझ्या खोडीचं वाक्य आलं तेव्हा दोघीतिघी हसल्या. पण पट्टी कशाला असं समीक्षाने विचारलं होतं, हे आल्यावर सगळ्या समीक्षाकडे वळून बघायला लागल्या. कोणीतरी हळूच म्हणालं की एवढा मोठा माणूस, चूक लिहून देतो, आपल्याकडचे पुरुष नाय देत.

मग ती ओळ आली. पट्टी कशी निघाली हे मला ठाऊक नाही. धोंडूबाईंनी विचारलं, मग निघाली कशी? आणि समीक्षा उभी राहिली. म्हणाली, मी काढली, धुताना.

दादा, तिला आजवर मी काही सांगितलेलं नव्हतं. तिने चमकलेला पंखा आठवून स्वतःच जुळवलं असणार. आईला वाचवायला उभी राहिली. तू माझ्यासाठी ती ओळ लिहिलीस, ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी मध्ये मांडी घालून बसलेली. मला बसवेना. मी उठले आणि नवमीपासूनचं सगळं सांगितलं. तेलाचंही.

धोंडूबाई म्हणाल्या, का गं, तुझ्या नवऱ्याच्या गाडीच्या टायरला किती पंक्चरं हायेत? त्याची पूजा करतेस का नाय? सगळ्या बाया खो खो हसायला लागल्या. मी रडत होते, मीही हसले. एक म्हणाली, मी असते तरी काढली असती, ठिगळाला कुंकू कोण लावतं? दुसरी म्हणाली, मग तुझ्याकडे मशीन नाय ठेवलं तेच बरं. तेवढ्यात धोंडूबाईंनी तुझा कागद पुन्हा हातात घेतला आणि मला विचारलं की भावाला हे कधी कळवलंस. मी खरं सांगितलं, शुक्रवारी. त्या तारीख बघून म्हणाल्या, मग शनिवारी हा लिवतो की ठाऊक नाय. दोन ओळी खोट्या मागितल्या तर नाय दिल्या, आणि न मागता एक दिली!

ठरलं ते असं. मशीन आमच्या घरी राहणार नाही, धोंडूबाईंच्या पडवीत राहील. समीक्षा उडवणार, पण सुरभीही उडवणार, आळीपाळीने. समीक्षा घरी आल्यावर पोळ्या कर म्हणाली, दोन खाल्ल्या. तिचं निम्मं मशीन गेलं, निम्मं राहिलं. मोडलेला हात नवा येईपर्यंत पंधरा दिवस आहेत, तेवढ्यात दोघींनी तुझ्याकडे येऊन तोल काढायला शिकायचं, असा गटाचा ठराव झाला. तुला विचारून ठराव करावा, असं मी सुचवलं. धोंडूबाई म्हणाल्या, त्याची खोड त्याने लिवून दिलीय ना, मग मोडायची पण त्यानेच.

चिरंजीव पुन्हा लिहावंस एवढी इच्छा.

तुझी,
संजना


॥ श्री ॥

चौक,
मंगळवार, १४ ऑक्टोबर

चि. सौ. संजना हिस,
अ. आ. वि. वि.

लिहिलं. पण त्यावरून राग गेला असा हिशेब लावू नकोस. नवा राग आलाय.

मी आयुष्यात बिलावर, वहीवर, कुठल्याच कागदावर एक ओळ खोटी लिहिलेली नाही. गिऱ्हाईक गेलं तरी लिहिली नाही. शनिवारी ती एक लिहिली. अर्धा तास पेन हातात धरून बसलो होतो, तुझी वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेली. आणि तू चोवीस तासांच्या आत अकरा बायांसमोर उठून ती खोटी पाडलीस! कंपनीचा माणूस मला अडाणी म्हणाला, त्याचं मला आता काही वाटत नाही. पण कडावला माझ्या सहीखाली एक खोटी ओळ पडून आहे, ती कालपासून मला दातात अडकल्यासारखी सलतेय.

उठायचंच होतं तर माझा कागद वाचायच्या आधी का उठली नाहीस? तुला वाचवायला मी खोटं लिहिलं आणि तू वाचलीच नाहीस. आता सांग, त्या ओळीचा उपयोग काय झाला?

तू उठलीस ते बरोबर केलंस. हे एकदाच लिहितोय.

समीक्षाला सांग की मामाने विचारलंय, धुताना काढली हे तुला सुचलं कसं. अडतीस मिलिमीटरची, तीन थरांची पट्टी पाण्याने निघत नाही. खोटं बोलायचं तर पदार्थाचं ज्ञान लागतं.

दोघी मुलींना गुरुवारी सकाळी नऊला पाठव. डब्यासकट. मी एक लोहचुंबक त्यांच्या हातात देईन, एक स्वतःच्या हातात धरीन, आणि सुरुवातीपासून सगळं सांगीन, अणी कशी काढायची इथपासून. विचारलं तर उत्तर देईन. दोनदा विचारलं तरी देईन. तिसऱ्यांदा विचारलं तर ओरडेन, मग देईन. सुरभीला माझ्याकडून काही कळवू नकोस. तिच्याशी मला काय बोलायचंय ते मी तोंडानेच बोलेन.

आणि येताना त्यांच्याकडे माझा तो कागद दे. धोंडूबाईंना माझा नमस्कार सांग आणि मागून घे, त्या नाही म्हणाल्या तर सांग की परत पाठवणार आहे. ती ओळ मला माझ्या हाताने खोडायची आहे. खाडाखोड दिसली तरी चालेल. वर लिहीन की पट्टी माझ्या बहिणीने काढली, तिला माहीत नव्हतं म्हणून, आणि मला माहीत होतं तरी मी लिहिलं नाही. खाली सही, आणि त्या दिवसाची तारीख.

आतापर्यंत तुझ्यावर रागावलो तितकंच पुढेही रागवायचा हक्क राहू दे.

तुझा,
पदूदादा